‘हुशार आहेस’ म्हणून थांबू नका: विद्यार्थिनींना गणित-संशोधनापर्यंत नेण्याची वाट

महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयात एम.एस्सी. गणिताच्या वर्गात डोकावून बघा. बाकांवर मुली मुलांपेक्षा कमी नसतात, बऱ्याच ठिकाणी जास्तच असतात, आणि निकालातही त्याच पुढे असतात. दोन वर्षांनी त्याच मुलींची चौकशी केली तर कोणी बी.एड.ला गेलेली असते, कोणी क्लासमध्ये शिकवत असते, कोणी तासिका तत्त्वावर लागलेली, कोणाचं लग्न झालेलं. यातलं काहीच हलकं नाही. पण जिला संशोधन जमलं असतं, आवडलं असतं, तिला ती वाट आहे हेच कोणी सांगितलं नसेल तर तिने निवड केली असं म्हणता येत नाही.

हा लेख मुख्यतः वरिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्यांसाठी आहे. पालकांनी आणि स्वतः विद्यार्थिनींनीही तो जरूर वाचावा. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोत्साहन म्हणजे कौतुक नव्हे. तिच्या हातात ठरावीक वेळी ठरावीक गोष्ट द्यावी लागते: एक प्रश्न, एक अर्ज, एक हिशोब, एक पत्र.

पहिली पायरी: एस.वाय.लाच नाव घेऊन सांगा

संशोधनाचा विषय आपण बहुधा एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात काढतो. तोवर घरी स्थळं बघायला सुरुवात झालेली असते, बी.एड. सीईटीचा अर्ज भरलेला असतो, आणि पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षांसाठी लागणारा पाया घालायला वेळ उरलेला नसतो. त्यामुळे बोलायचं ते बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.

बोलायचं तेही वर्गाला उद्देशून नको. ‘तुमच्यापैकी कोणीतरी संशोधनात जायला हवं’ असं म्हटलं की आत्मविश्वास असलेली दोन मुलं मान डोलावतात आणि बाकी सगळ्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही. तिला बोलवा आणि सरळ सांगा: ‘परवा तू सातत्याच्या व्याख्येवर जो प्रश्न विचारलास, तसे प्रश्न पडणारी माणसं पीएच.डी. करतात. तुला ते जमेल असं मला वाटतं. विचार कर, आपण पुन्हा बोलू.’ आणि खरंच पुन्हा बोला.

कोणाला सांगायचं? फक्त पहिल्या नंबरला नको. विद्यापीठाच्या परीक्षेत ठरलेली सिद्धता पाठ करून उत्तम गुण मिळतात, त्यामुळे गुणपत्रिका इथे अर्धीच माहिती देते. जी वहीच्या समासात प्रश्नचिन्ह काढते, जिला ‘हे गृहीतक का लागतं?’ हे कळल्याशिवाय पुढे जाववत नाही, तिच्याकडे लक्ष ठेवा. अशा मुली बऱ्याचदा वर्गात बोलत नाहीत, तास संपल्यावर दाराशी थांबतात.

दुसरी पायरी: तिला न सुटलेला प्रश्न द्या

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडची मुलगी एम.एस्सी. होईपर्यंत शेकडो गणितं सोडवते, पण त्यातल्या प्रत्येकाचं उत्तर पुस्तकाच्या मागे असतं. उत्तर माहीत नसताना आठवडाभर एका प्रश्नापाशी बसून राहायचं आणि तरी आपण बिनडोक नाही असं वाटत राहायचं, ही सवय संशोधनाला लागते. ती कोणीतरी लावावी लागते.

एक उदाहरण देते. सुरुवात या जुन्या, प्रसिद्ध प्रश्नाने करा: १ ते २० मधल्या कोणत्याही ११ संख्या निवडल्या, तर त्यात एकीने दुसरीला पूर्ण भाग जातो अशी जोडी असतेच. का?

तिला वेळ द्या. प्रत्येक संख्या म्हणजे एक विषम संख्या गुणिले २ चा कुठला तरी घात, एवढी कळ सापडली की काम झालं. १ ते २० मध्ये विषम संख्या १०, आपण निवडल्या ११, म्हणजे दोघींचा विषम भाग सारखा निघणारच, आणि मग त्यातली लहान मोठीला भागते.

बहुतेक शिक्षक इथे ‘शाब्बास’ म्हणून थांबतात. थांबू नका. विचारा: ११ ऐवजी १० घेतल्या तर? ती थोड्या वेळात ११, १२, … २० ही यादी घेऊन येईल. यात कोणी कोणाला भागत नाही, म्हणजे ११ हा आकडा कमी करता येत नाही. आता पुढचा प्रश्न: कोणी कोणाला भागत नाही अशा १० संख्या निवडायच्याच आहेत, तर त्यातली सर्वांत लहान संख्या किती लहान असू शकते? ती ४, ६, ७, ९, १०, ११, १३, १५, १७, १९ अशी यादी शोधेल आणि ३ किंवा त्याहून लहान संख्या का चालत नाही हे दाखवेल. मग सांगा की २० च्या जागी वेगवेगळ्या सम संख्या घेऊन, दर वेळी निम्म्या संख्या निवडून बघ. १० पासून २६ पर्यंत उत्तर ४ च येतं आणि २८ ला एकदम ८ होतं. का? २७ मध्ये असं काय आहे?

३ चे घात (९, २७) तिथे कुठून आले हे तिला स्वतःला दिसलं, तर त्या दिवशी तिने पहिल्यांदा गणित केलं. हा निष्कर्ष जुनाच आहे, पण तिच्यासाठी तो नवा आहे, आणि गृहीतक बदलून बघण्याची ही रीतच पुढे पीएच.डी.त कामाला येते.

आठवड्याला एक तास, दोन-तीन मुली, एक फळा, एवढ्यावर हे चालतं. एकटीला बोलावण्यापेक्षा दोघी-तिघींना एकत्र बसवा. पुढे घरून विरोध झाला किंवा परीक्षेत अपयश आलं, तर त्या एकमेकींना धरून ठेवतात.

तिसरी पायरी: उन्हाळी शिबिराचा अर्ज तुमच्यासमोर भरून घ्या

एमटीटीएस, म्हणजे ‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च’, हा कार्यक्रम प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केला. उन्हाळ्याच्या सुटीतलं साधारण चार आठवड्यांचं हे शिबिर बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या पातळ्यांवर चालतं. तिथे शिक्षक सिद्धता लिहून देत नाहीत. प्रश्न विचारत जातात आणि मुलं ती उभी करतात. लहान गावातून गेलेली मुलगी तिथून आल्यावर प्रश्न विचारताना मान खाली घालत नाही, हा मोठाच लाभ.

पुण्यातली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केली. तिथे आणि पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेत होणारी व्याख्यानं ऐकायला मुलींना घेऊन जा. नुसतं ‘जा’ म्हणू नका, पहिल्या वेळी सोबत जा. ‘इंडियन विमेन अँड मॅथेमॅटिक्स’ या गटाच्या परिषदा भरतात. संशोधन करणाऱ्या बायका एका खोलीत इतक्या संख्येने बसलेल्या आपल्या मुलींनी सहसा पाहिलेल्याच नसतात.

अर्जाच्या तारखा हुकणं हे आपल्याकडचं फार मोठं कारण आहे. विभागाच्या फलकावर सूचना लावून भागत नाही. मुलीला लॅपटॉपसमोर बसवा आणि अर्ज पूर्ण करूनच उठवा.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींच्या बाबतीत हा विषय टाळू नका. गणिताचं इंग्रजी छोटं असतं. ‘समजा’, ‘म्हणून’, ‘विरुद्ध मानू’, ‘असा एक तरी घटक आहे की’, अशा चाळीसेक वाक्यरचना हाताखालून गेल्या की सिद्धता लिहिता येते. विचार मराठीत करू द्या, चर्चा मराठीत करा, पण आठवड्याला एक सिद्धता इंग्रजीत लिहून मागा आणि लाल पेनाने तपासून परत द्या. एम.एस्सी.ला लागली की तिला लाटेक, म्हणजे गणित टाइप करण्याची संगणक प्रणाली, शिकवा. टाइप केलेलं स्वतःचं पहिलं पान हातात आलं की मुलीला आपण कामाला लागलो असं वाटतं.

परीक्षा कोणत्या, आणि कोणत्या नव्हेत

इथे गोंधळ फार आहे, म्हणून नीट सांगते. सेट आणि नेट या एकच गोष्ट नाहीत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी होणारी सेट सहायक प्राध्यापकपदाची पात्रता देते, फेलोशिप देत नाही. संशोधनासाठी पैसे हवे असतील तर राष्ट्रीय पातळीवरच्या सीएसआयआर-यूजीसी नेटमधली जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळवायला हवी. कित्येक मुली सेट झाली म्हणून निर्धास्त होतात आणि जेआरएफच्या वयाची वर्षं निघून जातात. जेआरएफच्या वयोमर्यादेत महिलांना ५ वर्षांची सूट आहे, हेही अनेकींना माहीत नसतं.

नेटचा गणिताचा पेपर २०० गुणांचा, ३ तासांचा. अ भाग ३० गुणांचा, ब ७५ आणि क ९५. क भागात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात, सगळे बरोबर निवडले तरच गुण मिळतात, पण चुकलं तर कापले जात नाहीत. त्यामुळे तयारी क भागाच्या अंगाने करायची: प्रत्येक प्रमेयासाठी ‘हे गृहीतक काढलं तर कुठे मोडतं?’ याचं उदाहरण हाताशी हवं. वर सांगितलेली सवय इथेच उपयोगी पडते. लिनिअर अल्जेब्रा आणि रिअल अ‍ॅनालिसिस हे दोन विषय घट्ट असले की बराच पेपर हाती येतो.

नेटखेरीज राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची, म्हणजे एनबीएचएमची, पीएच.डी. शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. मुंबईच्या टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. आयआयटी, आयसर यांच्या लेखी परीक्षा आणि मुलाखती वेगळ्या. बी.एस्सी.नंतरच जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. किंवा काही संस्थांत एकत्रित पीएच.डी.लाही जाता येतं. इटलीत ट्रिएस्टच्या आयसीटीपी या संस्थेचा एक वर्षाचा गणिताचा डिप्लोमाही आपल्यासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. निदान तीन ठिकाणी अर्ज करायला लावा. एका परीक्षेत नापास झाल्यावर ‘मला जमत नाही’ असं मुली फार लवकर ठरवून टाकतात. पहिल्या प्रयत्नात जेआरएफ न मिळणं अगदी सर्रास घडतं, हे आधीच सांगून ठेवा.

‘आमच्या कॉलेजचं नाव कोणाला माहीत आहे, मॅडम?’ असं कोणी म्हणालं तर गणितज्ञ सुजाता रामदोराई यांच्याबद्दल सांगा. त्यांनी एम.एस्सी. अण्णामलै विद्यापीठातून पत्रद्वारा केलं, नंतर टीआयएफआरमध्ये आर. परिमला यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली, २००४ मध्ये भटनागर पुरस्कार मिळवला आणि २००६ मध्ये रामानुजन पुरस्कार. परिमला यांना भटनागर पुरस्कार १९८७ मध्ये मिळाला होता, आणि २०१० च्या हैदराबादच्या जागतिक गणित परिषदेत त्यांचं पूर्णसत्रातलं व्याख्यान झालं. एक बाई दुसरीची मार्गदर्शक होती, हा तपशील मुलींना सांगताना वगळू नका.

घरच्यांशी बोलणं

ही पायरी शिक्षक टाळतात, कारण ‘त्यांच्या घरातला प्रश्न’ वाटतो. पण मुलगी एकटी हे बोलणं पेलू शकेलच असं नाही. आई-वडिलांना महाविद्यालयात बोलवा किंवा घरी जा. समोर ध्येय, स्वप्न असे शब्द नकोत. हिशोब ठेवा.

वडील साधारण तीन गोष्टी विचारतात. पहिली, ‘अजून पाच वर्षं शिकवायचं म्हणजे खर्च किती?’ उत्तर आकड्यांत द्या: जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. हे दर जानेवारी २०२३ पासून लागू झालेले आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलीच्या हातात महिन्याला काय पडतं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, तुलना ते स्वतःच करतात. जेआरएफ नसेल तरी दारं बंद होत नाहीत. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्यातल्या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिप आपापल्या समाजघटकांसाठी आहेत, एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे, आणि केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण ही योजना महिला संशोधकांसाठीच आहे. जाहिराती आणि अटी बदलत राहतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात उघडून पालकांना दाखवा.

दुसरी, ‘राहणार कुठे?’ वसतिगृहाची माहिती आधीच काढून ठेवा. जमलं तर तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीशी आईचं फोनवर बोलणं करून द्या. त्या एका फोनने जे होतं ते आपल्या तासभराच्या समजावण्याने होत नाही.

तिसरी, आणि खरी, ‘मग लग्नाचं काय?’ इथे उपदेश करू नका, चिडू तर मुळीच नका. नियम सांगा. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार महिलांना कमाल मुदतीत २ वर्षांची जादा सवलत आहे, आणि पूर्ण पीएच.डी.च्या काळात मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. म्हणजे लग्न किंवा मूल झालं की पीएच.डी. संपली, असं कायदा म्हणत नाही. गणितज्ञ मंगला नारळीकरांचं उदाहरण मराठी घरांत लगेच पोचतं. त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९८१ मध्ये मिळवली, लग्नाला दीडेक दशक होऊन गेल्यावर. मात्र हे उदाहरण जपून वापरा. ‘बघा, त्यांनी लग्नानंतर केलं, हीही करेल’ असा त्याचा उलटा उपयोग होतो. खंड पडल्यावर परत येता येतं हे खरं, पण परत येणं कठीण असतं, आणि ज्या घरात सोबत मिळते तिथेच ते होतं. म्हणून पालकांना स्पष्ट सांगा: स्थळ बघायचंच असेल तर तिचं संशोधन चालू राहील, हे बोलणीतच ठरवून घ्या.

आणि मुलीला स्वतःला काय हवंय ते आधी तिला एकटीला विचारा. तिला बी.एड.च करायचं असेल, शाळेत शिकवायचं असेल, तर तिची पाठ थोपटा आणि बाजूला व्हा.

शिफारसपत्र

आपल्याकडची मुलींची शिफारसपत्रं वाचली की वाईट वाटतं. ‘ही विद्यार्थिनी अत्यंत मेहनती, नियमित, नम्र असून सर्वांना मदत करते.’ निवड समितीला यातून काहीही कळत नाही. त्याच शिक्षकाने मुलाविषयी ‘प्रखर बुद्धीचा, स्वतंत्र विचारांचा’ असं लिहिलेलं असतं. हेतू वाईट नसतो, शब्द सवयीने येतात.

पत्रात गणित लिहा. उदाहरणार्थ: ‘सायलो प्रमेयांवरच्या सेमिनारमध्ये, ऑर्डर ३० चा कोणताही ग्रूप सिम्पल नसतो हे तिने पुस्तक न बघता, ऑर्डर ३ आणि ५ चे घटक मोजून सिद्ध केलं. नंतर हीच मोजणी १०५ ला चालते का हे न सांगता तपासून आली.’ या दोन वाक्यांत तिची समज, तिचं कुतूहल आणि स्वतःहून पुढे जाण्याची वृत्ती तिन्ही दिसतात. असं लिहायचं तर तुमच्याकडे टिपणं हवीत, म्हणून एस.वाय.पासूनच एका वहीत तारखेसह नोंदी ठेवा. आणि पत्र मुलीलाच लिहून आणायला सांगून खाली सही करायची पद्धत बंद करा. स्वतःबद्दल चांगलं लिहायची वेळ आली की मुली हात आखडता घेतात.

मुलाखत

मुलाखतीत बहुधा विचारतात, ‘कोणत्या विषयावर बोलायचं?’ आवडीचा एक विषय पक्का हवा, त्यातल्या मुख्य प्रमेयांच्या सिद्धता आणि दोन-चार प्रतिउदाहरणं बोटांवर हवीत. पुढचे प्रश्न मुद्दाम तिच्या माहितीच्या बाहेर नेतात. तिथे गप्प बसणं सगळ्यात घातक. ‘मला लगेच सुचत नाही, पण आधी द्विमितीय उदाहरण करून बघते’ असं म्हणून खडू हातात घेणारी निवडली जाते. निदान तीन-चार वेळा फळ्यावर सराव मुलाखत घ्या, आणि त्यात तिला न ओळखणारा एक तरी प्राध्यापक बसवा.

गाइड आणि जागा

नावाजलेली संस्था आणि चांगला गाइड यांत निवड करायची वेळ आली तर मी गाइडच्या बाजूने कौल देईन. त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारायला सांगा: आठवड्याला भेट होते का? आधीच्या किती जणांची पीएच.डी. पूर्ण झाली, किती वर्षांत? मुली मध्येच सोडून गेल्या का? गाइडच्या खासगी कामांत वेळ जातो का? झेडबीमॅथ हे गणिती शोधनिबंधांच्या नोंदींचं संकेतस्थळ विनामूल्य आहे, शोधनिबंध जिथे ठेवले जातात ते आर्काइव्हही. गाइडने गेल्या पाच-सहा वर्षांत कुठे, कशावर लिहिलंय ते तिथे दिसतं. पैसे भरून छापणाऱ्या जर्नलांची रांग दिसली तर सावध व्हा. तशा पीएच.डी.ने पदवी मिळते, पण पुढची दारं उघडत नाहीत.

ती गेल्यानंतर

पहिलं वर्ष सगळ्यात नाजूक. कोर्सवर्कमध्ये आयआयटी किंवा सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) इथून आलेली मुलं भराभर बोलतात आणि आपल्या मुलीला वाटतं की तिची निवड चुकून झाली. ती मुलं बऱ्याचदा तेच विषय दुसऱ्यांदा शिकत असतात, हे तिला जाण्याआधी सांगा. नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या अ‍ॅन्युअल फाउंडेशन स्कूल्स नेमक्या या टप्प्यासाठी आहेत, तिथे जायला लावा.

महिन्याला एक फोन करा. ‘कसं चाललंय?’ विचारलं तर ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर येईल. विचारा, ‘सध्या काय वाचतेस? कुठे अडलीस?’ दोन महिने या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर काहीतरी बिघडलंय असं समजा आणि प्रत्यक्ष भेटा. गाइडशी पटत नसेल तर गाइड बदलण्याची तरतूद असते, त्यासाठी संशोधन सल्लागार समितीकडे जाता येतं. त्रास लैंगिक छळाचा असेल तर संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जायचं, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत, लेखी. हे ती निघण्यापूर्वीच सांगून ठेवायचं असतं, कारण वेळ आल्यावर विचारायला बहुतेकींना संकोच वाटतो.

आणि सुटीत ती गावी आली की तिला एस.वाय.च्या वर्गावर एक तास द्या. विषय तिला निवडू द्या. तास झाल्यावर तुम्ही बाहेर जा, मुलींना तिच्याशी मोकळेपणाने बोलू द्या.